पिठाच्या डब्यातला फोन

आपांचा विषय निघाला की माझं डोकं अजूनही फिरतं. आमचे हे म्हणतात, "इतकी वर्षं झाली, सोड की आता." का म्हणून सोडू? ज्या बाईनं माझा फोन ज्वारीच्या पिठात पुरला, माझ्या टिकल्यांच्या पाकिटावर डल्ला मारला, आणि भर लग्नात माझ्यावर आळ आला तेव्हा माझ्या बाजूनं चकार शब्द काढला नाही, त्या बाईवर रागवायचं नाही तर कुणावर रागवायचं?

परंड्यात मी त्यांची भाडेकरू होते. माझं माहेर ईट, भूम तालुक्यातलं. परंड्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली आणि एसटीनं रोज ये-जा करून जीव मेटाकुटीला आला तेव्हा खोली शोधायला घेतली. क्लासच्या मालकांनी सांगितलं, किल्ल्याच्या अंगाला एक रिटायर बाई आहेत, खालची खोली देतात, माणूस सोन्यासारखं आहे, पण... आणि त्या 'पण'च्या पुढं ते नुसते हसले. तिथंच मी शहाणं व्हायला पाहिजे होतं.

आपा म्हणजे मोठी बहीण. सगळी गल्ली त्यांना आपाच म्हणायची, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून त्या निवृत्त झालेल्या. उंच, काटक, फिकी सुती साडी, डोक्यावरून पदर. शाळा सुटून जमाना झाला तरी बोलता बोलता बोटांवरचा खडू झटकायची सवय गेली नव्हती. स्वतः लग्न केलं नाही. भाऊ वारल्यावर भावजय आणि तिची लेक यांचं सगळं त्यांनीच बघितलं. त्या भावजयीला मी भाबी म्हणायचे. भाबी गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, आणि आपांपुढं कायम परीक्षेला बसल्यागत घाबरलेल्या.

घाबरणार नाही तर काय! आपांच्या घरात साधं बोलणं नव्हतंच. शाळेत भूमितीचं प्रमेय सोडवताना जे दिलेलं असतं तो पक्ष, जे दाखवायचं ते साध्य, आणि मग सिद्धता. हे आपांनी शाळेतून घरी आणलं होतं आणि चुलीपर्यंत नेऊन सोडलं होतं. एकदा माझं दूध उतू गेलं. मागून आवाज आला, "पक्ष, दूध गॅसवर होतं. साध्य, तू फोनवर होतीस."

"आपा, क्लासचा फोन होता. दोनच मिनिटं बोलले."

"सिद्ध कर."

हे 'सिद्ध कर' ऐकून ऐकून माझे कान किटले होते. दूधवाला म्हणाला, पाणी घातलं नाही, की सिद्ध कर. मत मागायला आलेला पुढारी म्हणाला, तुमच्या गल्लीचं गटार करतो, की "करून सिद्ध कर, मग दारात ये." तो बिचारा हात जोडून निघाला तर त्याला परत बोलावून चहा पाजला. चहा पिताना त्याला अपूर्णांक विचारले. मी खिडकीतून बघत होते, त्याला घाम फुटला होता.

माझ्या लॅपटॉपवर तर त्यांचा पहिल्या दिवसापासून डोळा. आत आल्या, वाकून बघितलं, म्हणाल्या, "ह्याला वर एक डोळा हाय."

"कॅमेरा आहे आपा. बंद असतो."

"सिद्ध कर."

बंद कॅमेरा बंद आहे हे सिद्ध कसं करायचं, सांगा बरं कुणीतरी! मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या आरशाशेजारचं पाकीट उचललं, त्यातली एक मोठी मरून टिकली काढली आणि कॅमेऱ्यावर दाबून बसवली. "तुझ्या कपाळापेक्षा हिथं जास्त कामाची," म्हणाल्या. त्यानंतर टिकली निघाली की नवी. माझं कपाळ कितीदा तरी मोकळं राहिलं, लॅपटॉप मात्र सदा सवाष्ण.

फोनचं त्याच्याही पुढचं. भाबी आणि मी एकदा ओसरीवर बसून कुकर घ्यायचं बोलत होतो. थोड्या वेळानं माझ्या फोनवर कुकरच्या जाहिराती यायला लागल्या. मला हसू आलं, म्हणून मी आपांना दाखवल्या. तिथं माझी मती कुठं गेली होती कोण जाणे. त्या दिवसापासून घरात चार बायका बोलायला बसल्या की माझा फोन फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. वर झाकण, झाकणावर खलबत्ता. "पिठात कान बुजतात," म्हणायच्या. कान कसले बुजतात! पीठ माझ्या फोनच्या भोकाभोकांत जाऊन बसायचं आणि आई गावाकडून फोन करायची तर तिचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा यायचा. क्लासमध्ये पोरी विचारायच्या, मॅडम, तुमच्या फोनला पांढरं काय लागलंय? काय सांगणार, कपाळ?

मग भाबींच्या लेकीचं, म्हणजे आपांच्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगा बार्शीचा. वरातीचं स्वागत आपल्याकडून वाजत-गाजत करायचं असं ठरलं आणि बेंजो पार्टीच्या मास्तरांना बोलावलं. गाडीवर मोठे भोंगे, पुढं ताशे, आणि स्वतः मास्तर कीबोर्डवर. मास्तरांनी ओसरीवर बसून सिनेमाच्या गाण्यांची नावं सांगायला सुरुवात केली.

आपांनी बोटं झटकली. "ही तर पानटपरीवर पण वाजतात. आमच्या लेकीच्या लग्नात आमच्या घरचं काय वाजणार?"

"घरचं ऐकवा आपा, घरचं वाजवतो," मास्तर म्हणाले. माणूस सरळ होता.

अडचण तिथंच होती. घरचं म्हणजे बायकांची गाणी. लग्नाच्या आधी बायका दार लावून बसतात, ढोलक घेतात आणि गातात. एकमेकींच्या खोड्या, समधनीची म्हणजे विहिणीची टर, सासूच्या नकला. पुरुषांनी ऐकायचं नाही, बायकांनी बाहेर गायचं नाही. भाबी तर त्यात पट्टीच्या. त्यांच्या गाण्याला परंड्यातल्या बायका लांब लांबच्या गल्ल्यांतून यायच्या, पण घरातल्या एका पुरुषानं त्यांचा सूर कधी ऐकला नव्हता.

मास्तर भाबडेपणानं म्हणाले, "मग मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवा की." पडद्याआड भाबी होत्या. तिथून बांगड्या आपटल्याचा आवाज आला. मास्तर दचकून म्हणाले, "नाहीतर मिडी फाइल आणा. पेन ड्राइव्ह लावला की माझा कीबोर्ड आपला आपण वाजवतो."

आणि आपांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी भाजी निवडत बसले होते हो! माझा काय संबंध!

मिडी म्हणजे काय ते मीच त्यांना समजावलं, ही आणखी एक माझीच हौस. त्यात आवाज नसतो. कुठली पट्टी दाबायची, कधी, किती जोरात आणि किती वेळ, एवढंच लिहिलेलं असतं. कुणी गायलं, बाईनं की पुरुषानं, शब्द काय होते, काही नाही.

"म्हणजे नुसते अंक?" आपांचे डोळे चमकले.

"नुसते अंक."

"अंक चालतील. अंकांना तोंड नसतंय."

मी नेटवर एक पान शोधलं. त्यात व्हिडिओ टाकला की मिडी होऊन बाहेर येतो. काम सगळं ब्राउजरमध्ये, आपल्याच लॅपटॉपच्या आत होतं, फाइल बाहेर कुठं जात नाही, असं त्या पानावर ठळक लिहिलेलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

"लिहायला काय जातंय? सिद्ध कर."

सिद्धतेची रीत त्यांचीच. पान उघडायचं, नेट तोडायचं आणि मग काम होतं का बघायचं. झालं तर फाइल बाहेर जात नाही, कारण जायला वाटच नाही. हे मात्र मला मनापासून पटलं, आणि त्याचाही मला राग आला. नेट माझ्या फोनवरूनच होतं, तेव्हा नेट तोडायचं म्हणजे फोनवरचं नेट बंद, आणि वर फोन पिठात. चाचणीला अंगणातल्या कोंबडीचा व्हिडिओ घेतला. पहिल्या वेळी पान अर्धंच उतरलं होतं, त्यामुळं सगळं ठप्प झालं. आपांनी लगेच जाहीर केलं, "खोटं!" फोन पिठातून काढा, झटका, पान पूर्ण उतरू द्या, फोन परत पिठात. दुसऱ्या वेळी लॅपटॉपमधून पियानोवर कोंबडी वाजायला लागली. टुक टुक टुक, टुकटुक. भाबी पोट धरून हसल्या. आपा हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीतून कोंबडीकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सिद्ध."

त्यांच्या तोंडून 'कर' नसलेला हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मी म्हटलं, गाण्याचा नुसता आवाज टिपू, व्हिडिओ कशाला? तर नाही! कॅमेरा चालू झाला की लॅपटॉपवर बारीक दिवा लागतो, बंद झाला की विझतो. "माइकला दिवा हाय का? न्हाय. मग तो बंद झाला हे कसं कळणार?" म्हणून दिवा दिसावा यासाठी व्हिडिओच, आणि चेहरा दिसू नये यासाठी कॅमेऱ्यावर माझी टिकली. म्हणजे व्हिडिओत काय, तर टिकलीची मागची बाजू आणि अंधार. अशा अंधाराचं चित्रीकरण करणारी मी मराठवाड्यात एकटीच असेन.

पहिल्यांदा सगळ्या बायका ढोलक घेऊन गायल्या. मशीननं त्याचं जे काय केलं ते ऐकून माळ्यावर उंदीर धावल्यासारखं वाटलं. मग आपांनी सगळ्यांच्या बांगड्या उतरवून घेतल्या, ढोलक बाजूला ठेवलं आणि भाबींना एकटीला बसवलं.

"कोणतं म्हणू?" भाबींनी विचारलं.

"कोणतंबी म्हण. शब्द जाणारच हायेत."

भाबींनी त्यांचं ठेवणीतलं काढलं. समधनीची टर उडवायचं गाणं. "समधन आई पालकी में, मुंडी डाली देगची में." समधीण पालखीतून उतरली ती उतरल्या उतरल्या डेगीतच मुंडकं घातलं, इतकी खादाड. पुढची कडवी मी इथं लिहिणार नाही. भाबी डोळे मिटून गात होत्या, आणि मी सांगते, टीव्हीवर परीक्षक म्हणून बसतात त्यांनी तो आवाज ऐकायला पाहिजे होता.

पियानोतून चाल बाहेर आली. जिथं भाबी सूर ओढत खाली आणायच्या तिथं मशीन पायऱ्या उतरत होतं, बाकी चाल तीच. भाबींनी शेवटपर्यंत ऐकलं. "ह्यात म्या कुठं हाय?" त्यांनी हळू विचारलं.

"कुठंच न्हाईस. तेच तर पायजे," आपा म्हणाल्या, आणि व्हिडिओ स्वतःच्या बोटानं पुसून टाकला. लॅपटॉपमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसला. वर मलाच म्हणाल्या, "गेला हे सिद्ध कर." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी सगळा लॅपटॉप उघडून दाखवला.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून शादीखान्यात राबत होते. बायकांच्या बाजूला मोठी कनात लावलेली. वरात कोपऱ्यावर आली आणि भोंग्यातून भाबींची चाल सुटली. काय वाजवली मास्तरांनी! ताशांनी उचलून धरली आणि बार्शीचे पुरुष रस्त्यावर बेभान नाचायला लागले. त्यांना काय माहीत काय वाजतंय? कनातीआडून मी बघत होते, मला भरून आलं. भाबींचा सूर बिनचेहऱ्याचा, बिनआवाजाचा, पण सगळ्या गावातून चालला होता.

इतक्यात नवऱ्याच्या बाजूच्या बायका आत आल्या. पुढं नवऱ्याची आई, म्हणजे भाबींची समधीण. तिनं बुरखा काढला नाही. समोर धरलेल्या सरबताला हात लावला नाही. खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, "मुंडी डाली देगची में? भर रस्त्यात? बँड लावून? आत चार भिंतींत बोलला असता तर म्या पण हसले असते. आता हे कुणाच्या डोक्यातनं निघालं ते कळल्याबिगर म्या हिथनं हलायची न्हाय, आन् माझा मुलगा पण निकाहला बसायचा न्हाय."

सजून बसलेल्या नवरीचा चेहरा पांढराफटक पडला. पुरुषांच्या बाजूला काझीसाहेब येऊन बसलेले. आणि भाबी? त्यांच्या मनात जे आलं ते त्या मोठ्यानं बोलल्या. "शब्द तर काढले होते. आवाज पण काढला होता. मग हिला कळलं कसं? व्हिडिओ बाहेर गेला! माझा आवाज बाहेर गेला!"

आणि सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी सांगते, तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी म्हणालं, लॅपटॉप हिचाच. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरच शिकवते, टाकला असंल नेटवर. बाहेरची पोरगी, तिला काय आपली लाज! ज्या बायकांना मी सकाळपासून पाणी देत होते त्या माझ्या हातातला तांब्या घेईनात. काम सांगायचं मला, फोन पिठात माझा, टिकल्या माझ्या, आणि आळ घ्यायलाही मीच! भाबी तर तोंडात पदर कोंबून रडत होत्या. मी आपांकडं बघितलं. एक वाक्य पाहिजे होतं मला. 'ही तसली नाही.' बस्स.

आपांनी बोटांवरचा खडू झटकला आणि मला म्हणाल्या, "जा, लॅपटॉप घेऊन ये."

मला! सगळ्यांसमोर! हुकूम सोडल्यागत! मी घरापर्यंत रडत गेले आणि शिव्या देत परत आले. मनात आलं होतं की तसंच एसटीत बसावं आणि ईट गाठावं. पण नवरीचा चेहरा आठवला.

आपांनी लॅपटॉप समधनीपुढं ठेवला. मला माझ्या फोनच्या नेटवर पान उघडायला लावलं, मग माझ्याच हातानं नेट तोडायला लावलं. पिठाचा डबा नव्हता, म्हणून फोन तांदळाच्या पोत्यात खुपसला. नवरीच्या मैत्रिणींना पार मागच्या खोलीत धाडून दार लावून घेतलं. मग समधनीला म्हणाल्या, "आमच्या भाबीनं तुमाला गाली दिली. बरोबर हाय, तुमचा हक्क बाकी हाय. तुमच्याकडं काय जवाब असंल तो म्हणा. हळू म्हणा, ह्या मशीनपुरता. दिवा लागलाय तवर चालू, विझला की बंद."

समधीण बाई बुरखा मागं टाकून पुढं वाकली आणि दबक्या आवाजात तिनं असं काही गाणं म्हटलं की जवळच्या बायकांनी तोंडावर हात घेतले. "समधन का घर देखो लोगो, चूल्हे में बिल्ली सोती है." घर इतकं कंगाल की चूल पेटतच नाही, तिच्यात मांजर झोपतंय. चाल आमच्याकडच्या बायकांनाही पाठ असलेलीच.

मशीननं त्याचा पियानो केला. आपांनी व्हिडिओ पुसला. मागचं दार उघडलं. पोरी बाहेर आल्या. त्यांनी गाणं ऐकलेलं नव्हतं, काय चाललंय हेही त्यांना माहीत नव्हतं. आपांनी नुसता पियानो वाजवला. पहिली ओळ संपते न संपते तोच पोरी खिदळायला लागल्या आणि सगळ्या मिळून सुरात म्हणाल्या, "चूल्हे में बिल्ली सोती है!"

हॉलभर असा हशा पिकला की पुरुषांनी पलीकडून विचारलं, काय झालं?

"शब्द मशीनमध्ये नव्हते," आपा म्हणाल्या. "व्हिडिओ पण कुठं गेला न्हाय, जायला नेटच नव्हतं. शब्द तुमच्या-आमच्या डोक्यात होते. चाल वाजली की ते आपले आपण बोलतेत. सिद्ध." मग समधनीकडं वळल्या. "हे माझ्या ध्यानात आलं न्हाय. चूक माझी. तुमाला रस्त्यात ऐकावं लागलं."

समधीण आता हसत होती. तिनं सरबत उचललं आणि अटच घातली, "मग माझं पण रस्त्यात वाजवा. बराबरी होऊ द्या." पेन ड्राइव्ह मास्तरांकडं गेला. निकाह झाला, खजूर वाटले, आणि वऱ्हाड परत निघालं तेव्हा भोंग्यातून मांजर सुटलं. पुरुष त्यावरही तसेच नाचले. कनातीआड समधीण आणि भाबी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या.

सगळं गोड झालं. सगळ्यांचं. माझं काय?

समधनीची माफी मागितली, मशीनला निर्दोष सोडलं, मांजरसुद्धा वाजतगाजत गेलं. माझ्याकडं बघून कुणी म्हणालं, चुकलो ग बाई? नाव नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरायला घेतली. आपा दारात आल्या.

"काय करायलीस?"

"चाललेय. तुम्ही काल मशीन सिद्ध केलंत. मला नाही केलंत."

"तुला कशाला सिद्ध करायचं?" त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "अगं, शंका असती तेच सिद्ध करतेत. तू साध्य न्हाईस बेटा. तू पक्ष हाईस. पक्ष सिद्ध करत न्हाईत, धरून चालतेत. नेट तोडताना फोन कुणाच्या हातात होता? तुझ्याच ना? तुझ्यावर शंका असती तर ती सिद्धता उभीच राहिली नसती."

पटलं मला, पण राग त्याहून मोठा होता. "हे मला खोलीत सांगून काय उपयोग आपा? काल सगळ्या बायकांत सांगायचं होतं. तुमची भूमिती तुमच्यापाशी. माझी अब्रू गेली तिचं काय? पाण्याचा तांब्या घेतला नाही कुणी माझ्या हातचा!"

आपांनी बोटंसुद्धा झटकली नाहीत. तशाच वर निघून गेल्या. त्यांना 'सिद्ध कर' न म्हणता जाताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पुढं भाबी, हातात ढोलक. मागं आपा. आणि त्यांच्या मागं गल्लीतल्या त्याच बायका, काल तांब्या नाकारणाऱ्या. सगळ्या माझ्या एवढ्याशा खोलीत दाटीवाटीनं बसल्या. भाबींनी आधी माझ्याकडं पाणी मागितलं. सगळ्यांच्या देखत तांब्याभर पाणी गटागटा प्याल्या, तांब्या पुढच्या बाईकडं दिला, आणि तो खोलीभर फिरला. मग भाबींनी ढोलकावर थाप मारली आणि तेच समधनीच्या मुंडीचं गाणं लावलं.

माझा फोन कॉटच्या कडेला पडलेला. आपांची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी तो उचलला. माझं टाळकं सणकलं. एवढं सगळं होऊनही पिठातच? मी तडक उठले, म्हटलं, "थांबा, मीच आणते डबा."

"बस खाली," आपा म्हणाल्या. "कडेवरनं पडंल म्हणून उचलला." आणि फोन त्यांनी खोलीच्या मधोमध, ढोलकाशेजारी ठेवून दिला.

मी बसले. फोन चालू होता. भाबींनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुढचं कडवं आवाज चढवून घेतलं.